वारणाकाठचा विद्यार्थी आणि त्याचे विद्यापीठ

बारावीचा निकाल लागला की वारणाकाठच्या घराघरांतून एकच खल सुरू होतो. मुलाने अथवा मुलीने कोणत्या विद्यापीठात जावे, आणि कोणती पदवी घ्यावी? रात्रीची जेवणे उरकल्यावर सोप्यात बसून कोणी पुण्याचे नाव काढतो, कोणी सांगलीचे, कोणी बेळगावचे; ज्याचा भाचा परदेशी गेला आहे तो जर्मनीची गोष्ट सांगू लागतो. हा प्रश्न आता इतका अंगवळणी पडला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती निराळी आहे. या खोऱ्यातील मनुष्यास विद्यापीठ निवडण्याचा प्रसंग फार उशिरा आला. सुमारे शंभर वर्षे त्याचे विद्यापीठ नकाशावरील रेषेने ठरत असे. त्याच्या हाती एवढेच उरे की राहावे कोठे, जेवावे कोठे, आणि वाचावे काय.

सह्याद्रीत उगम पावणारी वारणा नदी कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा आखीत पूर्वेस वाहते आणि सांगलीनजीक हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तिच्या दक्षिणेस, पन्हाळा तालुक्यात, कोडोली गावाच्या शेजारी वारणानगर वसले आहे. हे गाव जुन्या कागदपत्रांत शोधू जाल तर सापडणार नाही. १९५० नंतरच्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे सहकारी साखर कारखान्याची उभारणी झाली आणि माळावर वसाहत उठली. गाव आधी आणि कारखाना मागाहून, हा सर्वत्रचा क्रम. येथे तो उलटा झाला. मात्र गाव नवे असले तरी पदवीच्या वाटेने घर सोडण्याची रीत या मुलखात बरीच जुनी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी १८५७ सालापर्यंत मागे गेले पाहिजे.

त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन ठिकाणी विद्यापीठे स्थापन झाली. तिन्हींचा साचा लंडन विद्यापीठाचा. हे विद्यापीठ शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकविण्याचे काम त्यास जोडलेल्या कॉलेजांनी करावयाचे. मुंबई विद्यापीठाने स्वतःचे अध्यापन-विभाग खऱ्या अर्थाने सुरू केले ते १९१९ साली, पॅट्रिक गेडिस यांस समाजशास्त्राच्या अध्यापनास पाचारण केले तेव्हा. म्हणजे साठ वर्षे हे विद्यापीठ एक मोठी परीक्षा-कचेरीच होते म्हणावयाचे. सिंधपासून कानडी मुलखापर्यंत त्याचा अंमल चाले. कराचीचा विद्यार्थी आणि कोल्हापूरचा विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवीत. तेव्हा ‘कोणते विद्यापीठ?’ हा प्रश्न कोणी विचारीत नसे. विचारीत ते ‘कोणते कॉलेज?’, आणि त्याहून आधी ‘खर्चाचे काय?’

विद्यापीठाची पहिली बी. ए. मंडळी १८६२ साली बाहेर पडली. ती अवघी चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पैकी रानड्यांचे बाळपण व आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे त्यांनी मुंबईचा रस्ता धरला तो अन्य रस्ता नव्हता म्हणून. पदव्याही मोजक्याच होत्या. वाङ्मयाची बी. ए., कायद्याची एलएल. बी., आणि वैद्यक व स्थापत्य यांचे परवाने. जो बी. ए. होई तो बहुधा पुढे कायद्याकडे वळे, कारण न्यायखाते व वकिली ही दोन दारे त्या पदवीने उघडत. ही वहिवाट इतकी पक्की बसली की पुढील तीन पिढ्या तिच्यातून सुटल्या नाहीत.

कोल्हापुरात राजाराम हायस्कूलची परंपरा १८५१ पासूनची. तिच्याच पोटी १८८० साली कॉलेजचे वर्ग निघाले आणि मुंबई विद्यापीठास जोडले गेले. दक्षिण महाराष्ट्रातील मुलास घराजवळ उच्च शिक्षणाचे पहिले पाऊल टाकता आले ते या कॉलेजामुळे. त्याचा अगदी आरंभीचा एक विद्यार्थी म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांची गोष्ट या विषयात मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण पदवी म्हणजे काय याचा हिशेब तीत आणे-पैसुद्धा मांडलेला सापडतो. वडील कागल संस्थानात नोकरीस होते. ते १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलासच नोकरी धरली. पगार दरमहा पंधरा रुपये. त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. गोपाळरावांनी १८८१ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन राजाराम कॉलेजात नाव घातले. परंतु पदवीच्या अखेरच्या अभ्यासासाठी त्यांस मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात जावे लागले. तेथून ते १८८४ साली बी. ए. झाले. वय अठरा.

आणि खरी अडचण येथून पुढे सुरू झाली. पदवी तर हाती आली; तिचे करावयाचे काय? त्यांनी स्थापत्यशास्त्राचा विचार केला, त्या वर्गात काही काळ जाऊनही पाहिले, आणि ते सोडले. कायद्याच्या वर्गास नाव घातले. सनदी नोकरीचेही मनात येऊन गेले. शेवटी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकाची जागा पत्करली. कायद्याचा अभ्यास पुरा झाला नाही तो नाहीच. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले, आणि त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर तर मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाट्या पुसल्या. पदवीनंतर दोन-तीन ठिकाणी डोकावून पाहणाऱ्या मुलास आजही घरची माणसे ‘धरसोड्या’ म्हणतात. गोविंदरावांनी तसे म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि म्हणण्याचा अधिकार तर त्यांस सर्वांहून अधिक होता.

गोखल्यांपुढे वाट एकच होती आणि त्यांनी तीवरून चालताना दिशा शोधली. ज्यांच्यापुढे ती एक वाटही नव्हती, त्यांस मात्र त्याच काळात विद्यापीठ खरोखर निवडावे लागले. हा मुद्दा सहसा ध्यानात घेतला जात नाही. आपल्या प्रांतात विद्यापीठ निवडण्याचा विचार साक्षेपाने कोणी केला असेल तर तो ज्यांस येथे दार मिळत नव्हते किंवा अर्धेच उघडे मिळत होते त्यांनी. त्यांत पहिले नाव आनंदीबाई जोशी यांचे घेतले पाहिजे, आणि योगायोग असा की त्यांच्या कथेचा आरंभ व शेवट या दोन्हींशी कोल्हापूरचा संबंध आहे.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचते, ही बोच त्या मुलीच्या मनातून पुढे गेली नाही. यजमान गोपाळराव टपालखात्यात होते. कोल्हापुरास असताना १८७८ साली त्यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डर हे स्वतः कोल्हापुरात राहिलेले गृहस्थ. आता ते अमेरिकेत मासिक चालवीत होते. त्यांनी उत्तरात ख्रिस्ती होण्याची सूचना केली. ती जोशी दांपत्यास मान्य नव्हती. मात्र पत्र मासिकात छापले गेले, आणि न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या एका बाईने ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता वाचले. तिने आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. कोल्हापुराहून निघालेले पत्र असे भलत्याच दारी पोहोचले आणि तेच दार उघडले.

पुढे गोपाळरावांची बदली बंगाल्यात श्रीरामपूर येथे झाली. हिंदू स्त्रीने एकटीने अमेरिकेस जावे या गोष्टीवर इतका गहजब उडाला की आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यात जाहीर व्याख्यान देऊन लोकांच्या शंकांस एकेक करून उत्तर दिले. त्या वेळी त्यांचे वय अठराही पुरे नव्हते. अमेरिकेस कशासाठी? वैद्यक शिकण्यासाठी. वैद्यकच का? कारण या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे बोलत नाहीत, आणि त्यामुळे मरतात. मग हिंदुस्थानात सोय नाही काय? आहे, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. मद्रासेस वैद्यकीय कॉलेज आहे, इतरत्र सुईणीच्या कामाचे वर्ग आहेत. परंतु ते शिक्षण अपुरे आहे, आणि शिकविणारे जुन्या मताचे असून स्त्रियांविषयी त्यांच्या मनात अढी आहे.

हे उत्तर नीट पाहिले पाहिजे. प्रथम काम ठरले. कामावरून विषय ठरला. विषय ठरल्यावर तो कोण, कसा आणि कितपत शिकवितो याची चौकशी झाली. आणि मग गाव ठरले. बहुतेक घरांतून हा क्रम नेमका उफराटा असतो. आधी गाव ठरते, कारण तेथे मावशी राहते. मग कॉलेज ठरते, कारण ते मावशीच्या घराजवळ आहे. विषय ज्यास प्रवेश मिळेल तो. आणि काम कोणते करावयाचे हे पदवीदान झाल्यावर पाहू असे म्हणतात. मावशीच्या घराचे महत्त्व कमी नाही. कित्येकांची शिक्षणे अशा मावश्यांनीच पुरी केली. पण तिच्या स्वयंपाकघरावरून अभ्यासक्रम ठरविणे ही वेगळी गोष्ट झाली.

आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांस प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये एम. डी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषयही त्यांनी स्वतःच्या हेतूशी धरून घेतला: आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. इकडे कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाचे काम त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरवून नेमणूक दिली. त्या वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या त्या रुग्णालयात, ज्यास आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतात, त्यांनी एकही दिवस काम केले नाही. पण खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बायकांसाठी बाई-डॉक्टर असावी हे संस्थानास पटले होते, ते एका मुलीने विद्यापीठ नीट निवडले म्हणून.

दुसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली घेतली. पुढील वर्षी बडोदेसरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्र हा मुख्य विषय धरून त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे आसपासचे सारे रान पायाखाली घातले. १९१५ साली एम. ए. झाले. लंडनचे शिक्षण पैशाअभावी अर्धे टाकून परतावे लागले, तेव्हा ते पुरे करण्यासाठी १९२० मध्ये ते पुन्हा गेले. या दुसऱ्या खेपेस स्वतः साठविलेल्या पैशाबरोबर कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचेही साहाय्य होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे झालेल्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला होता.

शाहू महाराजांचे नाव निघाले म्हणजे वसतिगृहांकडे वळणे भाग आहे. कॉलेज निघून वीस वर्षे झाली तरी खेड्यातील मुलगा त्यात का दिसत नाही, याचे उत्तर महाराजांनी शोधले ते साधे होते: त्याला शहरात राहण्या-जेवण्याची सोय नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग; आणि मग पुढील वर्षांत लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. संस्थानाने जमिनी दिल्या, उत्पन्ने लावून दिली. जातवार बोर्डिंगे निघाली याबद्दल नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण ज्या काळी एका पंक्तीस बसणे दुष्कर होते, त्या काळी मुलास कोल्हापुरात टिकवून धरणारे दुसरे साधन कोणते होते ते त्यांनी दाखवावे. वारणाकाठचा, पंचगंगेकाठचा, भुदरगडच्या डोंगरातला मुलगा हायस्कुलात आणि मग कॉलेजात आला तो या खोल्यांच्या आधाराने. येथे विद्यापीठाआधी बोर्डिंग आले, हे दक्षिण महाराष्ट्राच्या शिक्षणाचे खरे वैशिष्ट्य होय.

या वातावरणात वाढलेले एक गृहस्थ स्वतः पदवीपर्यंत पोहोचले नाहीत. कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात इंग्रजी शिकले, परंतु मॅट्रिकही झाले नाहीत. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, जेथे मुलाने काम करून शिकावे असा बेत होता. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डी. लिट. दिली.

राजाराम कॉलेजाची थोरवी पुढे डॉ. बाळकृष्णांच्या कारकिर्दीत वाढली. माधव जूलियन तेथे अध्यापक होते. छंदःशास्त्रावरील ग्रंथाबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांस १९३८ साली डी. लिट. दिली. त्याच वर्षी त्याच कॉलेजातून कऱ्हाडचा एक विद्यार्थी इतिहास व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाला. त्याचे नाव यशवंत बळवंत चव्हाण. वडील लहानपणीच प्लेगात गेलेले. आई विठाबाईंनी दारिद्र्यात मुले वाढविली. कायदेभंगात तुरुंगवास झाला म्हणून मॅट्रिक लांबली ती १९३४ पर्यंत. पदवीनंतर त्यांनी पुण्यास जाऊन १९४१ साली एलएल. बी. केली. बी. ए. मागून एलएल. बी. ही रानड्यांच्या काळची वहिवाट सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही तशीच होती. वकिली त्यांनी फारशी केली नाही, बी. ए.चा इतिहास मात्र जन्मभर उपयोगी पडला असावा.

या काळात एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. सारा मुलूख शेतीचा. पुण्यास १९०७ साली स्वतंत्र शेतकी कॉलेज झाले. पण शेतकऱ्याच्या मुलाने शिकून पुन्हा शेतीच शिकावी ही कल्पना बापास रुचत नसे. शाळेत घातला तो मातीतून सुटावा म्हणून. पैसे खर्चून त्यास पुन्हा मातीकडे कोण पाठवील? या तर्कात व्यवहार नव्हता असे नाही. पण त्यामुळे विषयाची निवड ‘कशापासून सुटायचे’ यावरून होऊ लागली, आणि हे वळण अद्याप पुरते मोडलेले नाही.

१९४९ साली दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्हे त्याच्याकडे आले. मार्चच्या पहिल्या तारखेस कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वारणाकाठच्या विद्यार्थ्याने बिऱ्हाड न हलविता त्याचे विद्यापीठ मुंबईहून पुण्यास गेले. कानडी जिल्ह्यांसाठी त्याच वर्षी कर्नाटक विद्यापीठ निघाले व ते धारवाडास स्थिरावले. त्यामुळे बेळगावची कॉलेजे तिकडे जोडली गेली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तर सीमेवरील मराठी घरांस हा प्रश्न दुहेरी झाला. मुलाने घरी राहून धारवाडची पदवी घ्यावी, की भाषा जवळची म्हणून कोल्हापूर गाठावे? बेळगावास २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. भाषेचा भाग त्याने सुटला नाही.

पुण्याचे विद्यापीठ मुंबईहून जवळचे, तरी दक्षिणेकडील जिल्ह्यांचे समाधान झाले नाही. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर कोल्हापुरास स्वतंत्र विद्यापीठाची मागणी मान्य झाली आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. चिनी आक्रमणाचे ते दिवस. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्याच आठवड्यात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक, ज्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादिली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व रत्नागिरी हे जिल्हे आरंभी या विद्यापीठाकडे होते. पुढे रत्नागिरी मुंबईकडे गेला, आणि सोलापुरास २००४ साली स्वतःचे विद्यापीठ मिळाले. सागरमाळाच्या उघड्या टेकाडावर इमारती उठल्या, आणि कमवा व शिका योजनेखाली खेड्यातील मुले तेथे काम करून पदव्युत्तर शिक्षण घेऊ लागली. विद्यापीठ म्हणजे मुंबईहून येणारी प्रश्नपत्रिका, ही आजोबांची समजूत नातवाच्या वेळी उरली नाही. आता विद्यापीठात जाऊन बसता येऊ लागले.

आणि दोनच वर्षांत, १९६४ साली, वारणानगरास महाविद्यालय निघाले. त्यास पुढे यशवंतराव चव्हाणांचेच नाव मिळाले. वारणा विभाग शिक्षण मंडळाचे हे काम. मागे बळ सहकाराचे. सहकारी कारखान्यांच्या मुलखात शिक्षणास पैसा कसा उभा राहतो हे शहरातील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. ऊस कारखान्यास गेला की त्याचे बिल होते, आणि त्या बिलातून सभासदांच्या संमतीने टनामागे काही रक्कम विभागाच्या कामासाठी कापून घेतात. ज्याच्या घरात शिकणारे कोणी नाही त्याच्याही उसाचा वाटा कॉलेजच्या भिंतीत असतो. गोविंदराव गोखल्यांनी एका भावासाठी पंधरांतील आठ दिले; येथे तेच काम सबंध खोऱ्याने थोडेथोडे करून केले.

या कॉलेजाने सर्वांत मोठा फरक कोणाच्या आयुष्यात पडला असेल तर मुलींच्या. कोल्हापुरास खोली घेऊन राहू द्यावयास जो बाप तयार नव्हता, तो कोडोलीहून चालत जाण्याजोग्या कॉलेजास ‘नाही’ म्हणू शकला नाही. अंतराची सबब संपली. पण अंतरामुळे मिळणारी दुसरी एक गोष्टही त्याबरोबर गेली. कोल्हापुरास जाणारा मुलगा बोर्डिंगात चार गावांच्या मुलांत राही, नाटके पाही, सभा ऐकी, आणि कधी कधी घरच्यांनी सांगितलेला विषय बदलून येई. जवळच्या कॉलेजात विद्यार्थी संध्याकाळी घरी परततो, आणि विषयाचा निर्णयही घरच्या सोप्यातच होतो. मुलींच्या बाबतीत तर फार वेळा असे झाले की जे कॉलेजात आहे तेच तिने शिकावे, आणि जे तेथे नाही त्याची आवड तिला नसावी.

१९८३ साली चित्र पुन्हा पालटले. तोवर अभियांत्रिकीच्या जागा राज्यात फार थोड्या. पुण्याचे जुने कॉलेज, सांगलीचे वालचंद, कऱ्हाडचे १९६० चे सरकारी कॉलेज, अशी नावे बोटांवर मोजावीत. ज्यास गुण कमी पडत तो देणगी भरून कर्नाटकात जाई. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदान तत्त्वावर खाजगी संस्थांस अभियांत्रिकी कॉलेजे काढण्यास परवानगी दिली, आणि त्याच वर्षी वारणानगरासही तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचे अभियांत्रिकी कॉलेज उभे राहिले. या धोरणावर टीका पुष्कळ झाली आणि तीत तथ्यही होते: सरकार खर्चातून मोकळे झाले व तो भार बापाच्या खिशावर आला. पण त्याबरोबर हेही खरे की उसाच्या फडात वाढलेला मुलगा घरची भाकरी बांधून घेऊन इंजिनिअर झाला, हे त्याआधी घडत नव्हते.

विषय निवडण्याची फॅशन तेव्हापासून बदलली. कायद्याची गादी अभियांत्रिकीने घेतली. आधी स्थापत्य व यंत्र, मग संगणक. गंमत अशी की शेजारीच साखरेचा कारखाना धूर सोडीत उभा असता साखरशास्त्राकडे सहज लक्ष जात नाही. ते शास्त्र शिकविणारी राष्ट्रीय संस्था कानपुरास १९३६ पासून आहे. पुण्याजवळ मांजरीस वसंतदादांच्या नावाची साखरसंस्था १९७५ पासून आहे. रसायनशास्त्राचा पदवीधर तेथे जाऊन तज्ज्ञ होऊ शकतो, आणि कारखान्यास तो हवाच असतो. दुधाच्या शास्त्राचेही तसेच. वारणेचा दूधसंघ १९६८ पासूनचा. परंतु जे रोज दिसते त्यात शिकण्यासारखे काही असेल असे घरच्यांस वाटत नाही. शेतकी कॉलेजाविषयीची जुनी नावड येथे नव्या कपड्यांत भेटते.

आता या दशकात वारणानगरातील महाविद्यालयांचे मिळून वारणा विद्यापीठ या नावाचे समूह-विद्यापीठही झाले आहे. एखाद्या कोडोलीच्या घरात पणजोबांच्या पदवीपत्रावर मुंबई, आजोबांच्या पत्रावर पुणे, बापाच्या पत्रावर शिवाजी आणि नातीच्या पत्रावर वारणा अशी चार नावे निघाली तर आश्चर्य मानू नये. घर मात्र चौघांचे एकच. शिवाय १९८९ सालापासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ज्याची पदवी नांगरट सांभाळून घेता येते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली आहे. विद्यापीठे आता विद्यार्थ्याच्या दारी येऊन उभी आहेत, जाहिराती घेऊन.

म्हणून जून महिन्यात सोप्यात चाललेल्या त्या बैठकीत विचारावयाचे प्रश्न पूर्वीपेक्षा वाढले आहेत. पदवी कोण देणार आणि परीक्षा कोण घेणार? तो विषय शिकविणारे कायमचे अध्यापक किती आणि प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे काय? शुल्क चार वर्षांचे मिळून किती, आणि कर्ज काढल्यास ते फेडावयाचे कोणी? ही चौकशी आनंदीबाईंनी श्रीरामपुरात बसून, पत्राचे उत्तर यावयास महिने लागत त्या काळी केली. वारणानगरच्या मुलीस ती एका दुपारी करता येते. बैठकीत तिला बसू दिले आणि बोलू दिले, म्हणजे झाले.